ट्रॉलर डिझेल जास्त पितो आणि मासळी कमी येते: डिझेल पंप उघडण्याआधी काय काय बघायचं

ट्रॉलर म्हणजे मागं जाळं ओढत मासळी धरणारी बोट. आधी लक्षणं. बंदर तेच, फेरी तीच, तास तेवढेच, पण डिझेल जास्त लागतं. सवलतीच्या डिझेलचा कोटा वेळेआधी संपतो. जाळं पाण्यात गेलं की सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि जाळं वर घेतलं की धूर जातो. इंजिन जड चालतं, रेस दिली तरी आरपीएम पूर्वीएवढा चढत नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणतो, "बोट ओढत नाही." कधी जाळ्याचा खोला (मासळी साठते ती शेवटची पिशवी) एका अंगाला पिळलेला वर येतो, कधी त्यात मासळीपेक्षा चिखलच जास्त असतो. आणि त्याच पाण्यात, त्याच दिवशी शेजारची बोट बरी मासळी घेऊन येते.

या शेवटच्या लक्षणाशिवाय पुढचं काही करू नका. आसपासच्या बोटींनाही मासळी नसेल तर ती गोष्ट हंगामाची आणि पाण्याची आहे. त्यासाठी इंजिनावर पैसे घालून एक किलो मासळी वाढणार नाही.

बेळगावात उद्यमबागेत मी डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कारवारच्या बैतकोलहून, वेंगुर्ल्याहून, मालवणहून पंप, गिअर, शाफ्ट घाट चढून आमच्याकडं येतात. बंदी उठल्यावर बोटीवर जाऊन इंजिन लावून देण्याचंही काम असतं, त्यामुळे हा दोष मी बेंचवरही बघितलाय आणि पाण्यातही. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगतो: डिझेल वाढणं आणि मासळी घटणं ही दोन्ही एकदम सुरू झाली असतील, तर कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या मागं असतं. जाळं ओढणाऱ्या वायरीत, जाळ्याचं तोंड दोन बाजूंना फाकवणाऱ्या बोर्डात, जाळ्यात किंवा बोट पुढं ढकलणाऱ्या पंख्यात. ट्रॉलरचं बहुतेक डिझेल जाळं ओढण्यात जातं आणि त्या ओढीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या जाळ्याचा असतो. बोर्ड नीट उघडले नाहीत तर जाळं पसरत नाही. मासळी बाजूनं निघून जाते आणि इंजिन मात्र तेवढंच, कधी जास्तच, राबतं. म्हणून पंप सगळ्यात शेवटी आणा.

पहिलं काम: मोजा

"जास्त लागतं" म्हणजे किती? बहुतेक ठिकाणी उत्तर बॅरलमध्ये मिळतं, आणि बॅरलवरून दोष सापडत नाही. बोट बंदरात, स्थिर आणि सपाट असताना टाकीत दांडी घालून पातळी घ्या. निघताना एकदा, आल्यावर एकदा. टाकी आतून १२० बाय १०० सेंटिमीटर असेल आणि भिंती सरळ असतील, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १२ लिटर गेले. वहीत चार गोष्टी लिहा: किती लिटर गेलं, प्रवासाचे तास, जाळं ओढल्याचे तास, मासळीचे किलो. ओढीच्या दर तासाला किती किलो आणि दर किलोला किती लिटर, हे दोन आकडे पुढच्या प्रत्येक तपासणीत लागणार आहेत. बदल केल्यावर हे आकडे हलले नाहीत तर बदल उपयोगाचा नव्हता, मग कोणी काहीही सांगो.

अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा. चांगल्या स्थितीतलं १०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन पूर्ण लोडवर ताशी साधारण १८ ते २० लिटर घेतं. तुमच्या इंजिनाच्या ताकदीनं हिशोब करा. त्याहून बरंच जास्त जात असेल तर ते जळत नाही, कुठंतरी गळतंय किंवा धुरात जातंय.

याच वेळी इंजिन ऑईलची डिपस्टिक काढून बघा. ऑईलची पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल इंजिनाखालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्ही वेळेला पुढचं वाचू नका. इंजिन चालू करू नका, मेकॅनिकला बोलवा. पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग टिकत नाही आणि क्रँक गेला की हंगाम गेला.

तीन पायऱ्यांची चाचणी

याला एक रुपया लागत नाही आणि दोष कुठल्या टोकाला आहे हे यातूनच कळतं. आरपीएम मीटर चालू असला पाहिजे. नसेल तर आधी तो दुरुस्त करा, त्याच्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

इंजिन गरम झाल्यावर गिअर न्यूट्रलला ठेवून रेस पूर्ण द्या आणि आरपीएम लिहून घ्या. मग जाळं बोटीवरच ठेवून मोकळ्या पाण्यात पूर्ण रेसवर चालवा, तो आकडा लिहा. मग जाळं टाकून नेहमीसारखं ओढा, तोही लिहा. धुराचा रंग तिन्ही वेळा बघा.

न्यूट्रललाच आरपीएम पूर्ण चढत नसेल तर अडचण इंजिनाकडं आहे: डिझेल पोचत नाही, हवा पोचत नाही किंवा रेसची केबल पूर्ण ओढली जात नाही. (केबल आधी बघा. लिव्हर शेवटपर्यंत जातो का, हे एकानं वर रेस देऊन आणि दुसऱ्यानं खाली बघून कळतं.) न्यूट्रलला ठीक, पण मोकळ्या पाण्यात चढत नाही आणि काळा धूर येतो, तर बोटीचा तळ किंवा पंखा बघा. तरीही इंजिन अजून संशयातून सुटलं नाही, कारण अशक्त इंजिन न्यूट्रलला छान फिरतं आणि लोड आला की बसतं. मोकळ्या पाण्यात सगळं ठीक आणि जाळं टाकल्यावरच बसतं, तर बोर्ड, वायर आणि जाळं बघा. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग याच तिसऱ्या खान्यातला असतो, आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो.

प्रवासातली रेस

जागेवर लवकर पोचायच्या घाईत पूर्ण रेस दिली जाते. पाण्यात वेग थोडा वाढवायला ताकद फार लागते, साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात. १८०० आरपीएमवर ८ नॉट वेग आणि ताशी २० लिटर खर्च असेल, तर १६०० आरपीएमवर वेग ७ नॉटच्या थोडा वर राहतो आणि खर्च ताशी १४ लिटरच्या आसपास येतो. २४ सागरी मैलांच्या प्रवासाला वीसेक मिनिटं जास्त लागतात आणि बारा-तेरा लिटर वाचतात. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. येताना मासळीचा लिलाव गाठायचा असतो हे मला ठाऊक आहे, तिथं निर्णय तांडेलाचा. पण जाताना तरी घाई कशाला?

स्वस्तातलं सामान

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पाणी वेगळं करणारी वाटी. वाटीतलं पाणी रोज सोडा. इंजिनखोलीची हवा येण्याची वाट बघा, तिच्यावर जाळ्याचा ढीग किंवा ताडपत्री पडलेली असते. इंजिनाला गार हवा मिळाली नाही की डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर येतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत बंदराबंदरात आहे. त्यानं तापमान खाली येतं हे खरं, पण मग इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त खातं आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. तापण्याचं खरं कारण समुद्राच्या पाण्याच्या वाटेत असतं: गाळणी तुंबलेली, पंपाचा रबरी इंपेलर तुटलेला, कूलरच्या नळ्या क्षारानं बंद. ते साफ करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

वायर आणि बोर्ड: इथं वेळ द्या

दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या आहेत का, हे शेवटचं कधी बघितलं? खुणा सारख्या आहेत असं सगळे सांगतात. पण वायर ताणते, आणि दोन्ही बाजूंची सारखी ताणत नाही. एकदा कुठं अडकून जोर बसला किंवा तुटून जोडली की खुणा खोट्या होतात. मग एक बोर्ड पुढं, एक मागं चालतो, जाळ्याचं तोंड तिरकं होतं, खोला पिळतो. मासळी तिरक्या तोंडातून निघून जाते, आणि तिरकं जाळं ओढायला इंजिनाला जोर जास्त लागतो. लक्षणांत लिहिलेलं "एका अंगाला पिळलेला खोला" तो हाच. बोट धक्क्याला असताना दोन्ही वायरी शेजारी शेजारी अंथरून टेपनं मोजा आणि नव्यानं खुणा बांधा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. इंजिनाला हात लावण्याआधी एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ आहे.

मग बोर्डाखालची लोखंडी पट्टी बघा. ती तळाला घासून चकाकते, आणि चकाकी कुठं आहे यावरून बोर्ड पाण्याखाली कसा चालतो ते कळतं. पूर्ण लांबीवर सारखी चकाकी असेल तर बोर्ड सरळ चाललाय. फक्त मागच्या टोकाला चकाकी असेल तर नाक वर उचललं जातंय. पाण्याच्या खोलीच्या मानानं वायर कमी सोडली असेल किंवा ओढीचा वेग जास्त असेल. फक्त पुढं चकाकी असेल आणि बोर्डावर चिखल थापून वर येत असेल तर नाक रुततंय. वायर जास्त किंवा वेग कमी. एकाच कडेला झीज असेल तर बोर्ड कलून चालतोय.

वायरीचं प्रमाण प्रत्येक तांडेल अनुभवानं ठरवतो आणि ते बरोबरच आहे, कारण तळ वाळूचा की चिखलाचा हे त्यालाच ठाऊक. तरी सुरुवातीला धरायचं झालं तर उथळ, दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात खोलीच्या पाच-सहा पट आणि तीस-चाळीस वावांत तीन-चार पट. त्यापेक्षा फार वेगळं प्रमाण असेल तर कारण काय, हे एकदा विचारा.

बोर्ड पाण्याला किती तिरका उभा राहतो, त्यावर जाळं किती उघडतं ते ठरतं. जुन्या सपाट चौकोनी बोर्डाला साधारण ३५ ते ४० अंशांचा कोन असतो. कोन त्याहून वाढला की बोर्ड बाहेर सरकत नाही, नुसतं पाणी अडवतो. वायर जोडायची कडी पुढं नेली की कोन कमी होतो, मागं नेली की वाढतो. एका वेळी एकच भोक बदला, दोन्ही बोर्डांना सारखं बदला आणि पुढच्या ओढींचे आकडे वहीत बघा. दोन-तीन बदल एकदम केले तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही.

बोर्ड किती पसरलेत हे ओढ चालू असताना मोजता येतं. वायर जिथून बोटीबाहेर पडते त्या दोन पुलींपाशी दोन वायरींमधलं अंतर घ्या. मग पुलीपासून वायरीवर एक मीटर मागं तेच अंतर घ्या. जो फरक येईल त्याला सोडलेल्या वायरीच्या मीटरांनी गुणा आणि पुलींमधलं अंतर मिळवा. उदाहरण: पुलींपाशी ४ मीटर, एक मीटर मागं ४ मीटर १२ सेंटिमीटर, वायर १०० मीटर. बोर्डांमधलं अंतर साधारण १६ मीटर. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण आज १६ आणि पुढच्या महिन्यात ११ आला तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. हे फक्त शांत समुद्रात करा, खुणा केलेल्या लांब काठीनं करा आणि कोणालाही दोन वायरींच्या मधे किंवा वायरीवर ओणवं उभं राहू देऊ नका. ताणलेली वायर तुटली तर माणूस वाचत नाही. मोजण्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही; जमत नसेल तर हे मोजमाप सोडून द्या, चकाकीवरून काम भागतं.

जाळं

जाळं शेडमध्ये टांगून तोंडाच्या दोन्ही बाजूंचे पंख मोजा. दुरुस्ती करता करता एक पंख दुसऱ्यापेक्षा लांब झालेला सापडतो. ठिगळं मूळच्यापेक्षा जाड दोऱ्याची असतील तर ती ओढ वाढवतात. जाळ्याच्या पुढच्या भागात आस (जाळ्याचं भोक) मोठी आणि दोरा बारीक असेल तर पाणी सहज निघतं. वरच्या दोराचे फ्लोट एकेक हलवून बघा. आत पाणी खुळखुळलं तर तो फ्लोट वजन झालाय, तोंड उघडण्याऐवजी दाबतोय. खालच्या दोराला "तळ चांगला धरावा" म्हणून साखळी वाढवत नेली असेल तर चिखल वाढतो, मासळी नाही.

खोल्याच्या आसेबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बारीक, हिऱ्यासारख्या तिरप्या आसेचा खोला ओढीच्या ताणानं मिटतो. पाणी आत तुंबतं आणि जाळं जड होतं. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते आणि पाणी निघून जातं. महाराष्ट्रात खोल्याला किमान ४० मिलिमीटर चौकोनी आसेचा नियम आहे तो पिल्लं वाचावीत म्हणून, पण डिझेल वाचवायलाही त्याचा उपयोग होतो. कारवारच्या मंडळींनी आपल्या परवान्यावरची अट मत्स्य विभागात विचारून घ्यावी. बोट भर पिल्लं आणून ती खतात घालायची आणि पुढच्या वर्षी मासळी नाही म्हणून इंजिनाला दोष द्यायचा, हे थांबलं पाहिजे.

तळ आणि पंखा

इथून खर्च सुरू होतो, कारण बोट पाण्याबाहेर घ्यावी लागते. तळाला शेवाळ आणि शिंपले बसले की बोट जड होते. बंदीत खरवडून रंग दिलेला असला तरी तो कधी दिला, कुठल्या प्रतीचा दिला, बोट किती दिवस नुसती उभी होती यावर फरक पडतो. ओहोटीला बोट टेकवून मधेच एकदा खरवडता आली तर त्या एका दिवसाचा खर्च भरून निघतो.

पंख्याच्या पात्यांवर हात फिरवा, इंजिन बंद आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून. कड वाकलेली, टोक तुटलेलं, पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा, शाफ्टला गुंडाळलेली जुनी जाळी: यातलं काहीही असेल तरी डिझेल वाढतं. पितळी पंख्याला खड्डे पडत असतील तर तळाला लावलेले जस्ताचे ठोकळे झिजून संपलेत का बघा. संपले असतील तर बदला.

पंखाच चुकीचा असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन बदललं, गिअरचं प्रमाण बदललं, पण पंखा जुनाच ठेवला, असं फार होतं. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात बोटीला जेवढं पुढं ढकलू बघतो ते अंतर. जड पिचचा पंखा लावून ओढणं म्हणजे भरलेला ट्रक चोर्ला घाटात चौथ्या गिअरवर चढवणं. इंजिन दबतं, काळा धूर सोडतं, आरपीएम येत नाही. हलका पंखा असेल तर उलट, आरपीएम सहज चढतो आणि बोट पुढं जात नाही. पाती हातोडीनं वाकवून पिच बदलायचा प्रयत्न करू नका. सगळ्या पात्यांचा पिच सारखा हवा आणि पंख्याचं वजन सगळीकडून तोललेलं हवं. ते गेजशिवाय होत नाही. तसं झालं नाही तर थरथर शाफ्टच्या बुशापर्यंत आणि गिअरपर्यंत जाते.

कुठं थांबायचं

वरचं सगळं करून झालं आणि तीन पायऱ्यांची चाचणी अजूनही इंजिनाकडंच बोट दाखवत असेल, तर आता नोझल आणि पंप. टॅपेटचं अंतर तपासणं बोटीवरच्या जाणत्या माणसाला जमतं. नोझल काढून बेंचवर तपासायला देणं हेही ठीक. पण नोझल काढून, हातात धरून, इंजिन फिरवून फवारा बघायचा नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणीएवढं दिसतं आणि बोटं किंवा हात कापायची वेळ येते. असं कोणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखान्यात न्या.

पंपाचं सील स्वतः तोडू नका आणि कोणाला तोडू देऊ नका. बोट ओढत नाही म्हटल्यावर बंदरावर कोणीतरी डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवून देतो. एक-दोन दिवस बरं वाटतं. हवा तेवढीच असल्यामुळे वाढवलेलं डिझेल पुरतं जळत नाही, धुरातून बाहेर जातं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर तापवतं. मूळ दोष वायरीत किंवा पंख्यात होता तो तसाच राहतो आणि वर नवा दोष तयार होतो. आमच्याकडं येणाऱ्या पंपांत सील तुटलेले पंप नेहमीचे आहेत, आणि त्यांच्यासोबत येणारी पिस्टनही.

शाफ्टची सरळ रेघ, गिअर उघडणं, स्टर्न ट्यूबचं बुश आणि तळाच्या फळ्या ही कामं जाणत्या माणसाचीच. इंजिनातून निळा धूर, इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) जोराची वाफ किंवा ऑईलचा दाब कमी दिसला तर समुद्रात जाऊ नका. धक्क्यावर बंद पडलेलं इंजिन दुरुस्त होतं, आडव्या वाऱ्यात बंद पडलेल्या बोटीवर माणसं असतात.

पंप पाठवायची वेळ आलीच तर नुसता पंप गोणीत बांधून पाठवू नका. सोबत सगळी नोझलं, कुठलं कुठल्या सिलेंडरचं ते चिठ्ठी बांधून पाठवा. पंपाची सगळी तोंडं प्लास्टिकनं बंद करा, कापसानं नाही, कापसाचे तंतू आत जातात. पंप काढण्याआधी टायमिंगच्या खुणा पेंटनं करून फोटो काढा. इंजिनाचं मॉडेल, गिअरचं प्रमाण, पंख्याचा व्यास आणि पिच, तीन पायऱ्यांच्या चाचणीचे तीन आकडे आणि वहीतलं शेवटचं पान एका कागदावर उतरवून द्या. तो कागद आला तर बेंचवरच्या माणसाला पंप कुठल्या आकड्यावर बसवायचा हे कळतं, आणि पंपात दोष नसेल तर तो उघडण्याआधीच तुम्हाला फोन करता येतो.